हौदातली फरशी

सकाळी साडेसातला मोबाईल वाजला आणि पडद्यावर अंबादासचं नाव दिसलं, तेव्हा मी चहा गाळत होतो. त्याचा फोन या वेळेला रोजच यायचा. मी सवयीनं म्हणालो, "बोला शिंपलेसम्राट, आज कुणाची होडी कुठं गेली?" पलीकडून त्याच्या बायकोचा, शकूवहिनींचा आवाज आला. "भावजी, पहाटे हे गेले. झोपेतच." गाळणं हातात तसंच राहिलं. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते सांगायला आज थोडी लाज वाटते, पण अंबादासबद्दल लिहायचं तर खोटं लिहून चालणार नाही. मला आधी त्याचं एसटीचं तिकीट आठवलं. दोन दिवसांनी तो शिमग्यासाठी कोकणात निघाला होता आणि खिडकीची जागा मिळाली हे आदल्याच दिवशी त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. असं तिकीट काढून ठेवून माणूस जातो कसा, असा मला त्याचा चक्क राग आला. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. अंबादास नगरला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, मी गणित. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती आणि तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या विषयाची यथेच्छ टिंगल केली. तो मला 'मास्तर' म्हणायचा. आमच्या घरात तीन पिढ्या शाळामास्तरांच्या, त्यामुळे ते मला चिकटलं ते चिकटलंच. तो मूळचा पाथर्डी तालुक्यातला. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, त्यामुळे लहानपणीचे निम्मे हिवाळे त्यानं कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत काढले होते. समुद्र त्यानं पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर, मुलांची सहल घेऊन गेला तेव्हा. आणि त्या पहिल्या भेटीत समुद्रानं त्याच्या चपला नेल्या. दोन्ही चपला वाळूवर नीट शेजारीशेजारी काढून ठेवून हा खडकातले प्राणी दाखवायला मुलांना घेऊन गेला, परत येतो तर भरती. पाथर्डीच्या माणसाला पाणी जागचं हलतं हेच मुळी ठाऊक नव्हतं, असं मी पुढं प्रत्येक निरोपसमारंभात सांगायचो आणि प्रत्येक वेळी सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

त्याच सहलीत त्याला गुलाबमावशी भेटल्या. रत्नागिरी जिल्ह्यातली एक लहानशी खाडी आहे, तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथं गाड्यांची रांग लागेल. तिथं ओहोटीच्या वेळी बायका खडकांवर बसून कालवं काढतात. खडकाला चिकटलेला शिंपला हातातल्या लहानशा कोयत्यानं टिचवायचा आणि आतला गर डब्यात टाकायचा, असं ते काम. मावशींनी अनवाणी अंबादासला पाहिलं, कपाळाला हात लावला आणि घरून रबरी चपला आणून दिल्या. त्यानंतर दर वर्षी सहल त्यांच्याच अंगणात उतरू लागली. गंमत म्हणजे अंबादास माळकरी. आयुष्यभर शिंपल्यांमागे हिंडला, पण एक शिंपला कधी जिभेवर ठेवला नाही. "सर, मंग तुमी यांच्या पाठी लागलात कशाला?" असं मावशी विचारायच्या, आणि त्याच्यासाठी कुळथाची पिठी नि भात करायच्या. त्याला ती फार आवडायची, कारण कुळीथ म्हणजे आपला हुलगाच. "मास्तर, एवढ्या लांब जाऊन आईच्या हातचं खाऊन आलो," असं म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

निवृत्तीनंतर माणसं बागेत जाऊन बसतात. यानं एका परक्या शिंपल्याचा नाद घेतला. जहाजांच्या तळाला चिकटून दूरच्या खंडातून आलेला, काळपट, बोटाच्या पेराएवढा हा प्राणी खाली दक्षिणेतल्या एका बंदरात घुसला आहे, असं त्याला एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. तो नुसता राहत नाही, झुबक्यांनी वाढतो, खडक झाकून टाकतो आणि खालच्या कालवांना जागाच उरत नाही. अंबादासचं पहिलं वाक्य होतं, "मास्तर, हे मावशीच्या खडकावर कधी येणार?" पुढची काही वर्षं त्याच्या डोक्यात हा एकच प्रश्न होता. बाकी सगळं, म्हणजे नकाशे, फोन, एसटीचे प्रवास, वहिनींची बोलणी, या प्रश्नाच्या पोटात आलं.

मी गणिताचा माणूस. मी पट्टी घेतली, किनाऱ्याचा नकाशा घेतला, पहिल्यांदा दिसला ती जागा आणि दुसऱ्यांदा दिसला ती जागा यांतलं अंतर काढलं, त्याला महिन्यांनी भागलं आणि उत्तरेकडे एक सरळ रेघ ओढून दिली. मावशीच्या खाडीला अजून बरीच वर्षं आहेत, निवांत राहा, असं वर सांगितलं. अंबादासनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "रेघ लई झ्याक हाय मास्तर, पर त्यो शिंपला रेघंवरनं चालत येनार न्हाई. त्यो बसून येनार हाय." मग त्यानं बैलांची गोष्ट सांगितली. तो शाळेत असताना कारखान्यावर बैलांना लाळ्या-खुरकूत लागली. वाटेवरच्या कितीतरी गावांना रोगाचा वाराही लागला नाही आणि एकदम यांच्या गावात बैल लाळ गाळू लागले, कारण त्या कारखान्यावरची टोळी यांच्या गावची होती. तेव्हापासून त्याच्या वडिलांनी घरात नियम केला. ऊसतोडीहून परतलेले बैल आठ दिवस गावाबाहेरच्या कडुलिंबाखाली बांधायचे, रोज तोंड नि खुर तपासायचे, मगच गोठ्यात. बायकापोरं घरी, आणि वडील आठ दिवस बैलांसोबत लिंबाखाली. "तवा किनारा मोजू नका," अंबादास म्हणाला, "कुठली टोळी कुठं जाती ते इचारा."

आणि तो खरोखरच विचारत सुटला. बंदरात कुणाची होडी कुठून आली हे बर्फाच्या कारखान्यात नि डिझेलच्या पंपावर कळतं, हे त्यानं आठ दिवसांत हेरलं. तिथं चहाचा कप घेऊन बसायचा आणि येईल त्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारायचा, "कुठली टोळी तुमची?" मासेमारांना आधी समजेचना, मग त्यांनाही गंमत वाटू लागली नि ते आपल्या खलाशांची ओळख 'आमची टोळी' अशीच करून द्यायला लागले. नगरला सावेडीतल्या घराच्या हॉलमध्ये भिंतभर किनाऱ्याचा नकाशा लागला. खुणांना वहिनींच्या टिकल्या. लाल म्हणजे आला, हिरवी म्हणजे अजून नाही, पिवळी म्हणजे येणार. "माझ्या पाकिटात एक धड टिकली उरली नाही," असं वहिनी येईल त्याला सांगायच्या, पण किराण्याच्या यादीत टिकल्यांची पाकिटं त्याच लिहायच्या.

मग आल्या फरश्या. शिंपला खडकावर दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होतो, म्हणून पाण्यात एखादी खरबरीत वस्तू टांगून ठेवायची आणि तिच्यावर काय बसतं ते दर अमावस्येला वर काढून बघायचं, अशी त्याची पद्धत. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं शहाबादी फरशीच्या तुकड्यांना भोकं पाडून दिली. एसटीच्या वाहकांशी हुज्जत घालत अंबादासनं ते दगड कोकणात नेले आणि खाडीखाडीच्या धक्क्याला नायलॉनच्या दोरीनं टांगले; ते बघून फोन करायचं काम तिथल्या कुणाला तरी दिलं, मावशींच्या खाडीत मावशींना. उरला एक तुकडा. तो त्यानं सावेडीच्या घरामागच्या हौदात सोडला. मी म्हणालो, "अंबादास, नगरला शिंपला यायचा तर आधी समुद्र यायला हवा." तो शांतपणे म्हणाला, "तुलनेला एक दगड लागतो मास्तर, जिथं कायबी येनार न्हाई असा." खरं सांगतो, अमावस्येला कोकणातून फोन यायच्या आधी हा माणूस हौदाशी स्टूल घेऊन बसायचा, दोरी वर ओढायचा, चष्मा सरसावून फरशीच्या दोन्ही बाजू तपासायचा आणि वहीत लिहायचा, 'हौद : काही नाही.' मग फरशी परत सोडताना मोठ्यानं म्हणायचा, "नगर अजून सुरक्षित हाय." नळाला पाणी एक दिवसाआड आणि आमचं नगर शिंपल्यांपासून सुरक्षित. वहिनी आणि मी हसून बेजार व्हायचो.

त्याचा पहिला मोठा अंदाज मावशींच्या शेजारच्या खाडीबद्दल होता. तिथल्या होड्या दक्षिणेतल्या त्याच बंदरात जाऊन राहतात हे त्याला बर्फाच्या कारखान्यात कळलं होतं. माझ्या रेघेप्रमाणे त्या खाडीला कसलाच धोका नव्हता. तो म्हणाला, ज्येष्ठात येणार. हंगाम संपला की होड्या पावसाळ्यासाठी घरी परततात, तेव्हा त्यांच्या तळाला बसून येणार. आपण वैशाखात जाऊ, सगळ्यांना सांगू, होड्या आत घ्यायच्या आधी तळ खरवडून घेऊ. पिवळी टिकली लागली, तयारी सुरू झाली... आणि चैत्रातल्या अमावस्येला त्या खाडीतली फरशी वर आली ती काळीठिक्कर. जागा अगदी बरोबर होती, फक्त वेळ हुकली होती. कशी हुकली ते त्याला कळेना. शेवटी गुलाबमावशीच फोनवर म्हणाल्या, "अवो सर, शिमग्याला नाय का होड्या घराकडं येत? शिमग्याला घरी नाय तो कोकणातला कसला?"

हे मात्र पाथर्डीच्या माणसाकडूनच व्हावं. होळीला तिकडे ऊसतोड ऐन भरात असते. अंबादासच्या लहानपणची प्रत्येक होळी कारखान्यावर, कोप्यांपुढे पेटलेली. टोळी घरी येते ती हंगाम संपल्यावर, मधल्या सणाला कोण येतं? बर्फाच्या कारखान्यात त्यानं सगळं विचारलं होतं, एवढंच विचारायचं राहिलं होतं. वहीत त्या दिवशी दोनच शब्द आहेत. 'शिमगा विसरलो.' त्या खाडीत मावशींची मुलगी दिलेली आहे. तिच्या खडकांवरची कालवं दिवाळीपर्यंत दिसेनाशी झाली आणि ती आंब्याच्या कॅनिंगला जाऊ लागली. हे कळल्यावर अंबादास पंधरा दिवस फोनवर धड बोलत नव्हता. मी एकदा समजूत घालायला म्हणालो की बाबा रे, अंदाज तर तुझाच खरा ठरला, माझी रेघ साफ चुकली. तो माझ्यावर असा चिडला की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. "खरा ठरून काय करू? भिताडावर लावू? त्या पोरीचे खडक गेले." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पुढची पिवळी टिकली मावशींच्या खाडीवर लागली, आणि या वेळी त्याखाली बारीक अक्षरात 'शिमगा' असं लिहिलेलं होतं. त्या दोन खाड्यांमध्ये सोयरिकी, होड्यांची ये-जा, त्यामुळे न येण्याचं काही कारणच नव्हतं. गेल्या मार्गशीर्षात तो मलाही ओढून घेऊन गेला. देवळाच्या सभामंडपात सगळे होडीवाले जमले होते. अंबादास उभा राहिला आणि त्यानं सुरुवातच आपल्या चुकीपासून केली. शेजारच्या खाडीत शिंपला आला तो माझ्या अडाणीपणामुळे, मला तुमचा सण ठाऊक नव्हता, असं सरळ सांगितलं. मग बैलांची गोष्ट सांगितली, लिंबाचं झाड सांगितलं, वडील सांगितले. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. शिमग्याला येणारी प्रत्येक होडी आत न आणता तिथं वर ओढायची, तळ खरवडायचा, खरवड लांब खड्ड्यात पुरायची आणि आठ दिवस कडक उन्हात वाळवून मगच आत घ्यायची, एवढं त्याचं मागणं होतं.

एक तांडेल म्हणाला, "सर, आठ दिवस होडी वाळूत, मंग खायचं काय?" अंबादास माझ्याकडे बघायला लागला, जणू हे गणित मला सुटणार होतं. तेवढ्यात मागून गुलाबमावशी म्हणाल्या, "शिमग्यात तू दर्यावर जातोस कधी रे? आठ दिवस पालखीच नाचवत असतोस ना?" सगळा मंडप हसला, तांडेलसुद्धा. होडी तशीही त्या दिवसांत रिकामीच उभी असते. पाण्यात उभी राहायची ती वाळूवर राहील, एवढाच फरक. होळी पौर्णिमेचं उधाणाचं पाणी होड्या वर चढवायला मदतच करेल, हेही मग त्यांनीच सांगितलं. ज्या सणानं अंबादासला चकवलं होतं त्यानंच त्याला आठ दिवस काढून दिले. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून लहान मुलासारखा खूश होता. घाट चढताना मला म्हणाला, "मास्तर, ही पिवळी टिकली चुकली पायजे. आयुष्यात कधी एवढं चुकू वाटलं न्हाई." त्या होड्या वाळूवर चढताना बघायला त्यानं तिकीट काढलं होतं.

होळीआधी चार दिवस तो गेला. शकूवहिनींना सारखे वाजणारे फोन घेववेनात, म्हणून त्यांनी त्याचा मोबाईल माझ्या हवाली केला. धुळवडीच्या दुपारी तो वाजला. गुलाबमावशी. मागे ढोल वाजत होते, त्यामुळे त्या ओरडूनच बोलत होत्या. "सर, सगळ्या होड्या वाळूवर घेतल्यात. त्या तांडेलानं पयली घेतली. लेकीच्या गावची पण एक आली, तिलाबी नाय सोडली आत. तुमी कुठं आहात? तुमची खिडकीची शीट काय झाली?" मी माझं नाव सांगितलं आणि सगळं सांगितलं. ढोल वाजतच होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी बघितलंच नाय..." आणि मग अगदी हळू, "आता दगड बघून फोन कुणाला करू?" ज्या दगडांची मी इतकी वर्षं टर उडवली, त्यांच्याबद्दल मी पटकन म्हणालो, "मला करा." म्हटल्यावर कळलं की हे आपल्याला इथून पुढं दर अमावस्येला करायचं आहे.

फाल्गुनातल्या अमावस्येला मावशींनी 'काय नाय' असं कळवलं, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. शिंपल्याची पिल्लं एवढ्या लवकर डोळ्यांना दिसत नाहीत, हे अंबादासनंच शिकवलेलं. खरी परीक्षा चैत्रातल्या अमावस्येची. त्या दिवशी मी चारलाच सावेडीला पोचलो. वहिनींनी हौदाशी स्टूल आधीच आणून ठेवलं होतं आणि त्यावर वही, पेन नि त्याचा जुना चष्मा. "चष्मा तुमच्या नंबरचा नाही, पण असू दे," म्हणाल्या. मी दोरी ओढली. फरशी वर आली, थंडगार, कडेला बोटभर हिरवं शेवाळ. मी दोन्ही बाजू तपासल्या. हसू नका, अगदी नीट तपासल्या. वहीत लिहिलं, 'हौद : काही नाही.' त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर फार नेटकं दिसत होतं, त्याला ते आवडलं नसतं.

कोकणातली ओहोटी संध्याकाळची. आम्ही दोघं हौदाच्या कठड्यावर मोबाईल ठेवून बसून राहिलो. वहिनींनी चहा केला, तो प्यायचा राहिला. सहा वाजून गेले, फोन नाही. वहिनी म्हणाल्या, "आला असेल का हो?" माझ्याही मनात तेच होतं, आणि आला असेल तर ते मावशी कुठल्या तोंडानं सांगणार... मग फोन वाजला. मावशी धापा टाकत होत्या. "सर, जरा उशीर झाला. दगड धुतला, परत बघितला, मंग सुनेला बघायला लावला. तिचे डोळे तरणे. काय नाय हो सर. थोडं शेवाळ, बाकी काय नाय. खडकपण बघून आले सगळे. कालवं हायत." मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं, वहिनींना ऐकू यावं म्हणून फोन मोठ्यावर करून. पुढच्या शिमग्याला होड्या पुन्हा येतील, पुन्हा वाळूवर घ्याव्या लागतील, हे त्यांनाही ठाऊक आहे नि मलाही. या वर्षापुरता मात्र अंबादासचा अंदाज चुकला आहे. मी वहीत लिहिलं, 'खाडी : काही नाही.' वहिनी आत गेल्या, नकाशावरची पिवळी टिकली नखानं काढली आणि पाकिटातून हिरवी काढून तिथं दाबून बसवली. त्या बाहेर आल्या तेव्हा मी फरशी परत पाण्यात सोडत होतो.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते म्हणायचं राहिलं."

मला आधी कळेना काय ते. मग कळलं. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढत होतं, तरी मी घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "नगर अजून सुरक्षित हाय."